देशोदेशीच्या मुलांचे गणित: क्रमवारीतून नेमके काय समजते?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत माझे धाकटे दीर आणि जाऊबाई सिंगापूरहून मुलीला घेऊन घरी आले होते. पुतणी तेथे प्राथमिक सहावीत आहे, म्हणजे बारा वर्षांची. माझा मुलगा नववीत आहे. दोघे ओटीवर अभ्यासाला बसलेले असताना तिच्या वहीतले एक शाब्दिक उदाहरण माझ्या नजरेस पडले. एका मुलीने जवळच्या पैशांपैकी दोन पंचमांश पुस्तकावर खर्च केले, उरलेल्यांपैकी एक तृतीयांश पेनावर खर्च केले आणि तिच्याजवळ ४८ डॉलर राहिले, तर सुरुवातीला तिच्याजवळ किती डॉलर होते?

माझ्या मुलाने ‘क्ष मानू’ असे लिहून समीकरण मांडले. ‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द मात्र त्याच्या हातून निसटला आणि त्याने मूळ रकमेतूनच दोन पंचमांश व एक तृतीयांश वजा केले. उत्तर १८० आले. ते पूर्णांकात आल्यामुळे त्याला शंकाही आली नाही. पुतणीने एक लांब पट्टी काढली, तिचे पाच समान भाग केले, दोन खोडले, उरलेल्या तीन भागांतला एक खोडला, राहिलेल्या दोन भागांवर ४८ हा आकडा घातला आणि १२० हे उत्तर सांगितले. माझा मुलगा वर्गातल्या पहिल्या पाचांत असतो आणि त्याचे तीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत.

तेव्हापासून माझ्या मनात काही प्रश्न घोळत आहेत. पिसा आणि टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत सिंगापूर पहिले असते, हे वर्तमानपत्रांतून वाचले आहे. त्या यादीत भारताचे नाव कोठेच दिसत नाही. दुसरीकडे, २०२४ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताच्या संघाने चार सुवर्णपदके मिळवून चौथा क्रमांक पटकावला. मग आपल्या मुलांचे गणित जगाच्या तुलनेत नेमके कोठे आहे? या क्रमवारींवर कितपत विसंबावे? आणि पुढे असलेले देश वर्गात खरोखर काय वेगळे करतात? ‘तिकडची मुले हुशारच असतात’ किंवा ‘तिकडे पैसा आहे’ अशी उत्तरे मला पुष्कळ मिळाली आहेत, परंतु त्यांनी समाधान झालेले नाही. ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १: मध्यमान

ताई, मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा शाळेतील मंडळी चांगले देतील. क्रमवारी कशी वाचावी, एवढेच मी सांगतो.

सर्वप्रथम, पिसा आणि टिम्स या एकाच गोष्टीच्या दोन चाचण्या नव्हेत. टिम्स ही १९९५ पासून दर चार वर्षांनी चौथीच्या आणि आठवीच्या विद्यार्थ्यांची घेतली जाते आणि शाळेत जे शिकवले जाते त्याच्याशी तिचे प्रश्न बांधलेले असतात. पिसा ही ओईसीडी या बहुतांशी विकसित देशांच्या संघटनेची चाचणी २००० साली सुरू झाली; ती इयत्ता पाहत नाही, वय पाहते. पंधरा वर्षांच्या मुलाला शिकलेले गणित अनोळखी प्रसंगात वापरता येते का, हे तिला तपासायचे असते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु त्याने क्रम उलटतात. २०१९ च्या टिम्समध्ये आठवीच्या गणितात रशियाला ५४३ आणि न्यूझीलंडला ४८२ गुण होते. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या पिसामध्ये न्यूझीलंड ४९४ वर आणि रशिया ४८८ वर होता. मग यांपैकी कोणत्या देशाची मुले गणितात पुढे आहेत? ‘गणितात’ म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. २०२२ च्या पिसामध्ये सिंगापूरला गणितात ५७५ गुण मिळाले. हे आपल्या परीक्षेतल्यासारखे अमुकपैकी अमुक गुण नसतात. २००३ साली ओईसीडी देशांची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचे माप) १०० असे धरून ही मोजपट्टी आखली गेली, आणि पुढची प्रत्येक फेरी त्याच पट्टीवर मोजली जाते. २०२२ मध्ये ही सरासरी ४७२ पर्यंत घसरली. २०१८ च्या तुलनेत जवळजवळ १५ गुणांची ही घट होती. साधारण २० गुण म्हणजे एका वर्षाचे शिकणे, असा अंदाज ओईसीडीच देते. तो ढोबळ आहे, तरी त्यावरून अंतराची कल्पना येते. फिनलंडचे उदाहरण पाहा. २००६ मध्ये ५४८ गुण मिळवणाऱ्या या देशाला पाहण्यासाठी जगभरातून शिक्षणतज्ज्ञांची रीघ लागली होती. २०२२ मध्ये तोच देश ४८४ वर आला. स्वीडनचे गुण तेव्हा ४८२ होते. चाचणी सर्व मुलांची होत नाही, निवडलेल्या नमुन्याची होते, त्यामुळे ४८४ आणि ४८२ यांतल्या फरकाला काही अर्थ नसतो; वर्तमानपत्रे मात्र या दोन गुणांवरून देशांना वर-खाली बसवतात.

माझ्या दृष्टीने सरासरीपेक्षा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. पिसामध्ये दुसरी पातळी ही किमान आवश्यक पातळी मानली जाते. दोन वाटांची एकूण अंतरे तुलना करून पाहणे, किंवा किंमत एका चलनातून दुसऱ्या चलनात बदलणे, एवढे ज्या मुलाला कोणी न सांगता सुचते ते या पातळीवर पोहोचले, असे समजतात. २०२२ मध्ये ओईसीडी देशांत सरासरी ६९ टक्के मुले या पातळीवर किंवा तिच्या वर होती. सिंगापुरात हे प्रमाण ९२ टक्के होते. सिंगापूरची हुशार मुले पुष्कळ आहेत हे खरेच आहे (वरच्या दोन पातळ्यांवर तेथे ४१ टक्के मुले आहेत आणि ओईसीडीत सरासरी ९ टक्के), परंतु मला अधिक मोठी वाटते ती गोष्ट ही की तेथे शंभरांतली केवळ आठ मुले मागे राहतात.

तिसरी गोष्ट: परीक्षेला कोण बसले? २०१२ मध्ये व्हिएतनामने ५११ गुण मिळवून ४८१ गुणांवरच्या अमेरिकेला मागे टाकले, तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटले. तो पराक्रम खराच होता, परंतु पिसासाठी पात्र ठरणारी मुले ही त्या देशातील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५६ टक्केच होती. बाकीची शाळेबाहेर पडलेली होती किंवा खालच्या इयत्तांत अडकलेली होती. त्याच वर्षी शांघायला ६१३ गुण मिळाले. शांघाय म्हणजे चीन नव्हे. शिवाय गावांकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना तेथील नोंदणीपद्धतीमुळे शहरातल्या माध्यमिक शिक्षणात पूर्ण वाव मिळत नव्हता, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता.

आता भारत. आपण यादीत कधीच नव्हतो असे नाही. २००९ च्या पिसाच्या वाढीव फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली होती. शिक्षणात बऱ्यापैकी पुढे समजली जाणारी ही राज्ये. गणितात त्यांना अनुक्रमे ३५१ आणि ३३८ गुण मिळाले. ७४ सहभागींमध्ये त्यांच्या मागे केवळ किर्गिझस्तान होते. चाचणीतील प्रश्न आपल्या मुलांच्या सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीशी जुळत नाहीत, असे कारण देऊन भारताने त्यानंतर अंग काढून घेतले. २०२१ च्या फेरीत पुन्हा सहभागी होण्याचे २०१९ मध्ये ठरले होते; केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंडीगडमधील शाळा निवडल्या गेल्या होत्या. करोनामुळे ती फेरी २०२२ वर गेली आणि भारत तिच्यात उतरला नाही.

ऑलिंपियाडविषयी तुम्ही विचारलेत ते फार चांगले केलेत, कारण तेथेच खरी गोम आहे. ऑलिंपियाडला देशातून सहा मुले जातात. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशातून निवडलेली, खास शिबिरांत तयारी करून घेतलेली ती सहा मुले असतात. त्यांच्या यशाचा मला अतिशय अभिमान आहे. परंतु त्यावरून आठवीच्या सर्वसाधारण वर्गाविषयी काहीही समजत नाही. इराण १९९८ च्या ऑलिंपियाडमध्ये जगात पहिला आला होता, आणि १९९९ च्या टिम्समध्ये त्याच देशाच्या आठवीच्या मुलांना ४२२ गुण होते, जेव्हा सहभागी देशांची सरासरी ४८७ होती. उलट फिनलंड पिसामध्ये अगदी भरात असतानाही ऑलिंपियाडच्या वरच्या क्रमांकांत कधी दिसला नाही.

भारताबाबत हेच चित्र आकड्यांत मांडणारा एक अभ्यास आहे. २००५ साली जिष्णू दास आणि ट्रिस्टन झायोंक यांनी राजस्थान आणि ओडिशातील नववीच्या मुलांना टिम्समधील प्रश्न दिले. सरासरी अतिशय खाली होती, आणि वरच्या व खालच्या मुलांमधली दरी ज्ञात देशांतल्या सर्वांत मोठ्या दऱ्यांपैकी होती. त्यांच्या हिशेबानुसार अमेरिकेत जेथे दहा अव्वल विद्यार्थी आहेत तेथे भारतात चार आहेत, आणि अमेरिकेत जेथे अगदी मागे पडलेले दहा आहेत तेथे भारतात दोनशे आहेत. म्हणून ‘आपण कोठे आहोत’ या प्रश्नाला एका क्रमांकात उत्तर देता येणार नाही. आपण एकाच वेळी दोन्ही टोकांना आहोत, आणि बहुसंख्य मुले खालच्या टोकाकडे आहेत.

उत्तर २: पूर्वेकडची

मी गेली अकरा वर्षे सिंगापुरात राहते. माझी दोन्ही मुले येथील सरकारी शाळांत शिकली. तुमच्या पुतणीने काढलेली ती पट्टी आमच्या घरात रोजची आहे, त्यामुळे तिच्याविषयी लिहिते.

ती पट्टी सहावीत अचानक येत नाही. पहिलीत मुले ठोकळे आणि मणी हाताळतात. मग ठोकळ्यांची चित्रे काढतात. मग चित्रांच्या जागी नुसते चौकोन येतात, चौकोन जोडून पट्टी होते, आणि पट्टीवर आकडे येतात. चिन्हांचे गणित अगदी शेवटी येते. वस्तू, चित्र आणि चिन्ह हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांच्या विचारांवर आधारलेला आहे. सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने तो १९८० च्या दशकात पाठ्यपुस्तकांत आणला. आणला तोही अडचणीतून: तेव्हा येथल्या प्राथमिक शाळांतली बरीच मुले साध्या अंकगणितात आणि शाब्दिक उदाहरणांत कच्ची आढळत होती. ‘तिकडची मुले हुशारच असतात’ हे उत्तर तुम्हाला पटले नाही, ते योग्यच आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी येथे कोणी तसे म्हटले नसते.

तुमच्या मुलाची चूक आणि पुतणीचे बरोबर उत्तर यांत पट्टीने नेमके काय केले ते पाहा. ‘उरलेल्यांपैकी एक तृतीयांश’ हे वाक्य वाचताना पूर्ण कशाला म्हणायचे ते मध्येच बदलते. आधी पाच भाग मिळून पूर्ण होते, आता तीन भाग मिळून पूर्ण आहे. समीकरणात हा बदल मनात धरावा लागतो. पट्टीवर तो डोळ्यांना दिसतो, कारण दोन भाग खोडले की समोर तीनच शिल्लक असतात. मुलीला वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नाही. माझ्या मते यात बुद्धीपेक्षा कागदावर काय दिसते याचा वाटा मोठा आहे.

दुसरे म्हणजे येथे एका वर्षात विषय कमी असतात आणि त्यांवर वेळ अधिक दिला जातो. अपूर्णांकांवर माझ्या मुलाचे इतके आठवडे गेले की मीच अस्वस्थ झाले होते. शिक्षकांचे प्रशिक्षण देशातल्या एकाच संस्थेत होते, आणि नोकरीत असताना त्यांना वर्षाला शंभर तासांपर्यंत प्रशिक्षण घेता येते. वर्ग लहान असतात हा समज मात्र चुकीचा आहे. प्राथमिकच्या वरच्या वर्गांत चाळीसपर्यंत मुले असतात.

आता दुसरी बाजूही मला सांगितलीच पाहिजे. बाराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडताना येथे एक राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या गुणांवर पुढची शाळा ठरते. २०२१ पासून गुण देण्याची पद्धत बदलली, एकेका गुणासाठीची चुरस थोडी कमी झाली, तरी शिकवण्या थांबलेल्या नाहीत. माझी मुलगी परीक्षेच्या वर्षी रात्री झोपेत दचकून उठत असे. माझ्या शेजारच्या कोरियन कुटुंबाकडून ऐकले तेव्हा कळले की तिकडे हे याहून तीव्र आहे. सोल शहरात खासगी शिकवण्या रात्री दहानंतर चालवू नयेत असा नियमच करावा लागला. पूर्व आशियातील देश पहिल्या क्रमांकांवर दिसतात, परंतु त्याच देशांतली पुष्कळ मुले ‘मला गणित आवडत नाही’ असे टिम्सच्या प्रश्नावलीत लिहितात. ५७५ या आकड्यात शाळा किती आणि शिकवणी किती, हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही.

याच कारणासाठी मला एस्टोनियाचे कौतुक अधिक वाटते. शाळेची सुरुवात सातव्या वर्षी, नववीपर्यंत सर्वांना एकत्र शिक्षण, आणि तरीही २०२२ च्या पिसामध्ये गणितात ५१० गुण, म्हणजे युरोपात सर्वांत वर.

उत्तर ३: निशिकासाई

मी तोक्योमध्ये राहतो. जपानविषयी (२०२२ च्या पिसामध्ये ५३६) दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण त्यांचा आपल्या मराठी शाळांशी थेट संबंध आहे.

पहिली गोष्ट पाढ्यांची. ‘पाठांतर म्हणजे मागासलेपणा’ असे आपल्याकडे हल्ली अनेकदा बोलले जाते. जपानमध्ये दुसरीतली सर्व मुले नऊपर्यंतचे पाढे तालावर म्हणून पाठ करतात. आपण ‘बे त्रिक सहा’ म्हणतो, ती ‘नि सान् गा रोकु’ म्हणतात. माझी मुलगी दोन्ही म्हणते आणि तिला दोन्हींचा ठेका आवडतो. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दीडकी आणि औटकीही येत असे. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेला माणूस बाजारात कधी अडत नसे. पाढे पाठ असणे ही अडचण नाही, पाढ्यांपुढे काहीच न होणे ही अडचण आहे. जपानमध्ये पाढे दुसरीत संपतात आणि मग तासाला एकच उदाहरण घेतात. मुले आधी स्वतः झगडतात, शिक्षक बाकांमधून फिरून कोणी कोणती रीत वापरली ते पाहतात, आणि मग तीन-चार वेगवेगळ्या रीती, त्यांतली एखादी चुकलेलीही, फळ्यावर शेजारी शेजारी मांडून चर्चा होते. तास संपेपर्यंत फळा पुसत नाहीत, कारण शेवटी मुलांनी सुरुवातीकडे पाहावे अशी अपेक्षा असते. एखाद्या शिक्षकाच्या तासाला इतर शिक्षक मागे बसून टिपणे घेतात आणि नंतर त्या तासावर बोलतात. या पद्धतीला तेथे शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

दुसरी गोष्ट अंकनामांची. जपानी भाषेत अकराला ‘दहा-एक’ आणि एकवीसला ‘दोन-दहा-एक’ अशा अर्थाचे शब्द आहेत, चिनी भाषेतही तसेच. केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी आणि अमेरिकन लहान मुलांच्या मोजणीची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत दोघांत फरक आढळला नाही. तो अकरापासून दिसू लागला, जेथे इंग्रजी शब्द वाकडे होतात. मराठीत ही अडचण शंभरापर्यंत आहे. ‘त्रेपन्न’ ऐकल्यावर मुलाला आधी तीन ऐकू येतात आणि लिहायचे मात्र आधी पाच असतात. ‘एकोणसाठ’ मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे पन्नासातले असतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले होते: जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्या लिहिताना गोंधळ होतो, आणि कन्नड, तेलुगूसारख्या शेजारच्या भाषांत दशक आधीच म्हणतात. ‘त्रेसष्ट’ हा शब्द रद्द करावा असे कोणी म्हटलेच नव्हते. त्या चर्चेत भाषेच्या अस्मितेवर पुष्कळ बोलले गेले आणि सात वर्षांच्या मुलाला काय ऐकू येते यावर फार थोडे, याचे मला आजही वाईट वाटते.

तथापि सगळे खापर भाषेवर फोडता येणार नाही. डच भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर म्हणतात, आणि तरीही नेदरलँड्सला २००३ च्या पिसामध्ये गणितात ५३८ गुण होते. अंकनामांमुळे पहिली-दुसरीत वेळ जातो. पंधराव्या वर्षीचे अपयश त्यांतून आलेले नसते.

उत्तर ४: हातचा

मध्यमान सरांनी खालच्या टोकाचा उल्लेख केला आहे. मी काही वर्षे सुट्टीच्या काळात गावोगावी मुलांच्या चाचण्या घेण्यासाठी स्वयंसेवक म्हणून फिरलो आहे, म्हणून तेथील परिस्थिती सांगतो.

पिसामध्ये आपण नसलो तरी आपली स्वतःची मोजणी आहे. ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते, त्यामुळे शाळेत त्या दिवशी न आलेले मूलही त्यात येते. त्यातला भागाकार तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचा असतो. २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना तो करता आला. आठवीत हे प्रमाण ४५.८ टक्के होते. याचा अर्थ असा की आठवीत अर्ध्याहून अधिक मुले समीकरणांच्या तासाला बसलेली असतात, आणि त्यांच्या हातात भागाकार नसतो. पिसाच्या दुसऱ्या पातळीची गोष्ट त्यानंतरची.

परंतु या मुलांना हिशेब येत नाही असे कृपया समजू नका. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाव-अर्धा किलोचे भाव आणि परत द्यायचे पैसे ही मुले मनातल्या मनात अचूक काढत होती. तोच व्यवहार कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडला की अडत होती. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुले कागदावर बरी होती आणि बाजारातल्या साध्या हिशेबात चुकत होती. ब्राझीलमधील रेसिफे शहरात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासातही रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांनी विक्रीच्या वेळी ९८ टक्के आणि नुसत्या लेखी आकडेमोडीत ३७ टक्के उत्तरे बरोबर दिली होती. मी स्वतः एका आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी मुलगी पाहिली आहे. सात रुपयांची एक अशा चार जुड्या आणि पन्नासची नोट, एवढे ऐकून तिने पापणी लवायच्या आत बावीस रुपये परत दिले. आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या कागदावर ‘५० – २८’ लिहून दिल्यावर तिने आठातून शून्य वजा करून ३८ लिहिले. हातचा घेणे तिला ‘येत नव्हते’. आदल्या दिवशी तिने दुसरे काय केले होते?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी शाळेत एक प्रयोग केला, तो येथे नोंदवते.

मध्यमान सरांनी लिहिलेले ‘सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीचे’ कारण माझ्या डोक्यात राहिले होते. २०१२ च्या पिसामधील, नंतर सर्वांसाठी खुला केलेला एक प्रश्न मला मिळाला. जपानमधील फुजी पर्वतावर जाणारी एक वाट ९ किलोमीटरची आहे. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. रात्री ८ वाजेपर्यंत खाली परतणे आवश्यक आहे. तोशी नावाचा गिर्यारोहक चढताना ताशी दीड किलोमीटर चालेल आणि उतरताना त्याच्या दुप्पट वेगाने, तर त्याने उशिरात उशिरा किती वाजता निघावे? सहा पातळ्यांपैकी पाचव्या पातळीचा हा प्रश्न आहे.

नववीच्या एका तुकडीत मी अर्ध्या मुलांना हा प्रश्न जसाच्या तसा दिला, आणि अर्ध्या मुलांना तोशी आणि फुजीच्या जागी आमच्या गावाजवळच्या डोंगरावर देवीच्या दर्शनाला जाणारा माणूस घातला. अंतरे आणि वेग तेच ठेवले. एका वर्गावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मी जाणते. परंतु दोन्ही बाजूंना बहुतेक मुलांनी एकच चूक केली: दीड आणि तीन यांची सरासरी सव्वादोन काढली, १८ ला सव्वादोनने भागून ८ तास आणले आणि ‘दुपारी १२ वाजता’ असे उत्तर लिहिले. सव्वादोनने भागाकार करणे सोपे नाही. तो त्यांनी व्यवस्थित केला होता. फुजीचे नाव त्यांना कोठेही आडवे आले नव्हते. डोंगर गावचा होता तरी चूक तीच होती.

मी उत्तर सांगितले नाही. फळ्यावर दोन पट्ट्या काढल्या, दोन्ही ९ किलोमीटरच्या, आणि वरच्या पट्टीचे दीड-दीड किलोमीटरचे तुकडे पाडायला एका मुलीला बोलावले. तिने सहा तुकडे पाडले. खालच्या पट्टीचे तीन पडले. एकेका तुकड्याखाली तिने ‘१ तास’ लिहिले, तुकडे मोजले, आणि आपल्या वहीतील १२ खोडून ११ केले. मग मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “बाई, चढताना जास्त वेळ जातो, मग सरासरीत चढायचा वेग जास्त वेळा धरायला नको का?” हे वाक्य मी तसेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आणि तास संपेपर्यंत फळा पुसला नाही.

त्याच प्रश्नाचा पुढचा भाग सोमवारी देणार आहे. ९ किलोमीटर चढताना तोशीच्या यंत्राने २२,५०० पावले मोजली, तर त्याचे एक पाऊल सरासरी किती सेंटीमीटरचे होते? आधी मुलांना मैदानावर नेऊन प्रत्येकाचे स्वतःचे पाऊल मोजायला सांगेन, म्हणजे कोणाचे उत्तर चार सेंटीमीटर किंवा चार मीटर आले तर ते चुकले आहे हे त्याचे त्यालाच कळेल.